गोल्डन गेट पार्कमधला डिस्क गोल्फ कोर्स: मुलांकडे आलेल्या आई-वडिलांसाठी खास

सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास मुलांकडे राहायला आलेली मराठी मंडळी भेटली की मी हल्ली एकच विचारते, डिस्क गोल्फ खेळलात का? बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. पूल बघून झालेला असतो, लोम्बार्ड स्ट्रीटच्या वळणांवर फोटो काढून झालेले असतात, लिव्हरमोरच्या देवळात अभिषेकही झालेला असतो. मुलं कामावर आणि नातवंडं शाळेत गेली की दुपार अंगावर येते. अशा दुपारीच जायची ही जागा आहे. फी नाही, सभासदत्व नाही, वेळ आधी ठरवावी लागत नाही. एक चकती हातात घ्यायची आणि निघायचं.

मी आयुष्यभर कोल्हापुरात शाळेत खेळ शिकवले. थाळीफेक आणि गोळाफेक हे माझे विषय. त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते फिरायला गेलेल्या बाईचं कमी आणि मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचं जास्त आहे. लेक आणि जावई रिचमंड भागात राहतात, तिथून पार्क चालत गाठता येतं. पहिल्यांदा जावयांनी नेलं, नंतर मी आणि नातू दोघंच जाऊ लागलो.

आधी खेळ समजून घ्या, कारण गोल्फ म्हटलं की लोक बिचकतात. इथे ना काठी ना चेंडू. टी म्हणजे ठरलेली सुरुवातीची जागा, तिथून चकती फेकायची. पडली तिथे जायचं, तिथून पुन्हा फेकायची. शेवटी लोखंडी खांबाला लटकलेल्या साखळ्या असतात आणि खाली पाळण्यासारखी जाळी. साखळीवर आपटून चकती जाळीत पडली की ते होल, म्हणजे टीपासून जाळीपर्यंतचा एक टप्पा, संपलं. किती फेकींत संपवलं ते मोजायचं, कमी ते चांगलं. इथे अशी १८ होल्स आहेत आणि बहुतेक ठिकाणी तीन फेकींत संपवणं अपेक्षित असतं.

ही साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक या माणसाची कल्पना. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत तो होता. लॉस एंजलिसजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली त्यानं या खेळाचा पहिला कायमचा कोर्स उभारला आणि पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटनाही काढली. चकती अडावी, उसळून बाहेर जाऊ नये आणि लांबूनही कळावं की गेली आत, अशी तिन्ही कामं साखळ्या करतात. २००२ साली तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवल्या गेल्या. हे मला जावयांनी सांगितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. खेळावर असं प्रेम करणारी माणसं मी तालमीत पाहिली आहेत.

आता कोर्सबद्दल. पार्कच्या उत्तर बाजूला, फुल्टन स्ट्रीट आणि जॉन एफ. केनेडी ड्राइव्ह यांच्यामध्ये, साधारण २५व्या ते ३०व्या ॲव्हेन्यूच्या समोरचा हा पट्टा. मार्क्स मेडो नावाचं गवताचं मोकळं मैदान ही खूण. बसनं यायचं तर मुनीची, म्हणजे शहराच्या बससेवेची, ५ नंबरची फुल्टन बस पकडा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मुनी मोफत आहे, त्यामुळे नातवंडांचं तिकीट नाही. गाडी आणलीत तर पार्किंगपायी अर्धा वेळ जाईल, विशेषतः शनिवार-रविवारी.

आत शिरलात की शहर मागे पडतं. उंच मॉन्टेरी सायप्रस, पाइन आणि आपली ओळखीची निलगिरी. या झाडांखाली मुळात जंगल नव्हतंच, वाळूच्या टेकड्या होत्या. १८७०च्या दशकात विल्यम हॅमंड हॉल या अभियंत्यानं ती उडणारी वाळू गवतं आणि झुडपं लावून धरून ठेवली, मग त्यावर झाडं उभी केली. पुढे जॉन मॅक्लेरन या माळीबुवांनी १८८७ पासून १९४३ मध्ये मरेपर्यंत हा पार्क सांभाळला. गवतावर चालू नये अशा पाट्या लावायला त्यांचा सक्त विरोध होता. माणसानं हिरवळीवर यावं, बसावं, खेळावं असं त्यांना वाटे. त्यांच्या पार्कात झाडांमधून चकत्या उडतात, यात मला काहीच विसंगत वाटत नाही.

आणि ही वाळू खेळताना पायाला कळते. कोर्स सपाट नाही, टेकड्यांचे उंचवटे आणि खोलगट भाग जसेच्या तसे आहेत. पाऊस पडून गेला तरी पाणी फार काळ साचत नाही. पण उतारावर पाय घसरतो, आणि सायप्रसची मुळं वर आलेली असतात. चप्पल घालून येऊ नका. साडीही नको. मी सलवार-कमीज, वर जाड स्वेटर आणि पायात खेळाचे बूट अशी जाते.

इथल्या होल्सची लांबी फार नाही. कस लागतो तो झाडांमुळे. थाळीफेकीत आपण अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात उभे राहतो आणि समोर ३५ अंशांच्या आसपासचा मोकळा कोन असतो. त्यात कुठेही पडली तरी फेक वैध. इथे टीवर उभं राहून समोर पाहिलं तर दोन खोडांच्या मधून दाराएवढी फट दिसते, तिच्या पलीकडे डावीकडे वळलेला रस्ता आणि त्याच्या शेवटी बास्केट, तीही निम्मी फांद्यांआड. चकती त्या फटीतून सरळ गेली पाहिजे आणि मग आपली आपण वळली पाहिजे. असं एखादं होल मनासारखं जमलं की दिवस सार्थकी लागतो, हे मी मनापासून सांगते.

म्हणूनच हा कोर्स आमच्या वयाच्या माणसांना मानवतो. मोकळ्या मैदानावरच्या कोर्सवर पंचविशीचा मुलगा शंभर मीटर फेकणार आणि आपण त्याच्या निम्म्यावर. तिथे खेळ उरत नाही. इथे शंभर मीटर फेकणाऱ्याची चकती पहिल्याच झाडावर आदळते. माझी मजल पावणेदोनशे फुटांची, म्हणजे जेमतेम पन्नास-पंचावन्न मीटर. पण ती मी म्हणेन तिथे जाते. जावई दंडाच्या जोरावर फेकतात, नातू कमरेच्या, मी कोनाच्या. तिघं एकाच टीवरून खेळतो आणि शेवटच्या होलपर्यंत कोण जिंकणार हे सांगता येत नाही. तीन पिढ्या खऱ्या अर्थानं एकमेकांशी खेळू शकतील असे खेळ फार थोडे आहेत. कॅरम आहे, पत्ते आहेत. मोकळ्या हवेतला मला तरी दुसरा आठवत नाही.

कोणती चकती घ्यायची, इथे थोडं थांबते, कारण इथेच नव्या माणसाची फसगत होते. आम्ही ज्या दुकानात पहिल्यांदा गेलो तिथल्या विक्रेत्यानं माझ्या हातात सगळ्यात लांब जाणारी म्हणून एक पातळ कडेची, १२ वेगाची चकती ठेवली. बाई पहिल्यांदा खेळणार आहेत हे ऐकूनही. अशी चकती हात तेवढ्या वेगानं फिरला तरच उडते. नाहीतर चार पावलांवर डावीकडे झुकते आणि जमिनीत घुसते, आणि नवा माणूस समजतो की आपल्याला हा खेळ जमणार नाही. विद्यार्थ्याच्या हातात त्याच्या ताकदीपलीकडचं साधन द्यायचं नाही, हा शिकवण्याचा पहिला नियम. पाचवीच्या मुलीला कोणी दोन किलोची थाळी देत नाही.

प्रत्येक चकतीवर सहसा चार आकडे असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा सुरुवातीला उजवीकडे किती कलते त्याचा आणि चौथा शेवटी डावीकडे किती वळते त्याचा. हे उजव्या हातानं बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढत, फेकणाऱ्यासाठी, डावखुऱ्यांनी उलट धरायचं. सुरुवातीला पहिला आकडा २ ते ६ मधलाच घ्या. इनोव्हा कंपनीची एव्हिआर ही पटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची चकती (२, ३, ०, १), आणि डिस्क्राफ्ट कंपनीची बझ ही मिडरेंज, म्हणजे मध्यम अंतराची (५, ४, उणे १, १), एवढ्या दोनच चकत्यांवर हा अख्खा कोर्स खेळता येतो. मी तसाच खेळते. नातवाकडे इनोव्हाची लेपर्ड आहे (६, ५, उणे २, १), ती हलक्या हातालाही छान लांब जाते. साध्या प्लॅस्टिकची चकती दहा-बारा डॉलरला मिळते. महागड्या प्लॅस्टिकच्या मागे लागू नका, साध्याची पकड थंडीत जास्त चांगली बसते असं माझं मत आहे. वजन दीडशे-एकशे साठ ग्रॅमच्या आसपासचं बघा.

थाळी फेकलेल्या कोणालाही ही चकती हातात घेतल्यावर गंमत वाटेल. व्यास २१ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पुरुषांच्या थाळीपेक्षा किंचित कमी, आणि वजन तिच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. दोन्हींत उजव्या हातानं फेकलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरते. थाळी तर्जनीवरून सुटते आणि हात बाहेरून येतो. इथे बॅकहँडमध्ये हात छातीजवळून सरळ रेषेत ओढायचा आणि चकती झटक्यानं हातातून निसटू द्यायची. खांद्यानं ढकलू नका. कंबर आधी वळते, खांदा मागून येतो, हात सगळ्यात शेवटी. मुलींना हे सांगता सांगता माझा घसा बसायचा, तेच इथे लागू आहे.

गुडघ्यांबद्दल: धावत येऊन तिरकी पावलं टाकून फेकणारी तरुण मुलं दिसतील, त्यांची नक्कल नको. जागेवर उभं राहून फेका. फेक सुटल्यावर पुढचा पाय टाचेवर फिरू द्या. पाय रोवलेला ठेवून अंग फिरवलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. एवढी एक गोष्ट पाळली तर पूर्ण फेरी खेळूनही दुसऱ्या दिवशी जिना चढताना त्रास होत नाही.

बास्केटपासून १० मीटरच्या आत आलात की एक नियम लागतो. फेकल्यावर तोल पूर्ण सावरल्याचं दिसेपर्यंत जागेवरच राहायचं, त्याआधी पुढे पाऊल टाकायचं नाही. मला हा नियम फार आवडला. थाळीफेकीतही थाळी जमिनीला लागेपर्यंत वर्तुळ सोडता येत नाही. फेक हातातून सुटल्यावरही ती आपलीच असते, हे शरीराला शिकवणारा नियम आहे हा.

आता वारा. पॅसिफिक महासागर इथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर, आणि दुपारनंतर तिकडून वारा सुटतो. झाडांच्या आत तो कळत नाही, मोकळ्यावर आलं की अंगावर येतो. थाळीफेकीत समोरचा मध्यम वारा आपला मित्र असतो, थाळी त्यावर उचलली जाते आणि लांब जाते. इथे समोरच्या वाऱ्यात हलकी चकती उजवीकडे उलटते आणि पुढची कड जराशी वर राहिली तरी आकाशात चढून मागे येते. मागचा वारा असेल तर तिचं तरंगणं संपतं आणि ती लवकर खाली बसते. म्हणून समोरून वारा असताना खाली, सपाट आणि सावकाश फेका. जोर लावाल तितकी ती जास्त उलटते. ही गोष्ट मी नातवाला तोंडी सांगत बसले नाही. पटर हातात देऊन म्हटलं, निम्म्या जोरानं टाक. चकती सरळ गेली. तो म्हणाला, "आजी, हे कसं काय?" मग सांगितलं.

झाडांचा एक त्रास आहे. चकती फांदीत अडकते, कधी ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीत जाते. भडक रंगाची घ्या, गुलाबी किंवा केशरी. हिरवी चकती इथे घेऊन येणं म्हणजे ती पार्काला दान करणं. मागे ठळक पेननं नाव आणि फोन नंबर लिहा. सापडलेली चकती नंबरवर कळवून परत करायची पद्धत इथले जुने खेळाडू पाळतात, माझी बझ अशीच एका अनोळखी बाईंनी परत दिली.

पहिल्यांदा आलात तर एका होलनंतर पुढची टी कुठे ते चटकन उमगत नाही. वाटा एकमेकींना छेदतात. फोनवर यूडिस्क ॲप घ्या, त्यात कोर्सचा नकाशा आहे आणि गुणही मांडता येतात. नाहीतर पुढच्या गटाच्या मागे जा, विचारलं तर हौसेनं सांगतात. हा कोर्स सॅन फ्रान्सिस्को डिस्क गोल्फ क्लबच्या स्वयंसेवकांनी उभा केला आणि तेच त्याची देखभाल करतात. हातात फावडी घेऊन आपल्या खेळाची जागा नीट करणारी माणसं पाहिली की मला आमच्या शाळेचं मैदान आठवतं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मुलीच पाणी मारून चुन्याच्या रेघा ओढायच्या.

हा सार्वजनिक पार्क आहे हे विसरून चालत नाही. वाटेवरून लोक कुत्री घेऊन जातात, बाबागाड्या जातात. चकती लागली तर जोरात लागते. समोर माणूस दिसला की थांबायचं, तो गेल्यावर फेकायचं, आणि चकती कोणाच्या दिशेनं निघालीच तर मोठ्यानं "फोर!" ओरडायचं. मागून वेगानं खेळणारा गट आला तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. आम्ही नेहमी तसं करतो आणि ते हात उंचावून आभार मानतात. फेकणाऱ्याच्या पुढे कधीच उभं राहू नका. हे मी थाळीच्या जाळीबाहेर उभ्या मुलींना जितक्या कडक आवाजात सांगायचे तितक्याच कडक आवाजात इथे लिहिते आहे.

दोन गोष्टी खटकल्या. काही खेळाडू गांजा ओढत खेळतात, त्याचा वास झाडीत रेंगाळतो. पार्कमध्ये धूम्रपानाला मनाई आहे, तरीही. सकाळी लवकर आलात तर हे कमी असतं, लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनी सकाळच धरावी. दुसरं म्हणजे आमच्या वयाच्या बायका इथे फार कमी दिसतात. यात कोर्सचा दोष नाही. आपणच येत नाही. गावी असताना शाळेत कबड्डी, खो-खो खेळलेल्या कितीतरी जणी इथे मुलांकडे येतात आणि बाकावर बसून नातवंडांचं जॅकेट सांभाळतात. जॅकेट बाकावर ठेवा. चकती घ्या.

अठरा होल्स एका दमात झालीच पाहिजेत असं नाही. नऊ खेळा, मार्क्स मेडोच्या गवतावर बसून डबा उघडा, पटलं तर पुढची नऊ. जवळच स्प्रेकल्स लेक आहे, तिथे हौशी मंडळी खेळण्यातल्या शिडाच्या होड्या चालवतात, आजोबांना तिथे बसवता येतं. त्याच्या पुढे गव्यासारख्या बायसनांचं कुंपण आहे, लहानग्यांना तेवढं आमिष पुरतं. पूर्ण फेरीला आम्हाला दोन-अडीच तास लागतात. पाणी सोबत ठेवा.

कोणी येऊ नये? ज्यांचा तोल जातो किंवा गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे त्यांनी या कोर्सच्या उतारांवर येऊ नये. मेडोच्या गवतावर उभं राहून दोघांत चकती फेकाफेकी करा, मनगट आणि नजर दोन्हींना तेवढंही चांगलं. सॅन होजे किंवा सनीव्हेलला राहणाऱ्यांना इतक्या लांब रोज येणं शक्य नाही. त्यांच्यासाठी सॅन होजेत हेलियर पार्कचा कोर्स आहे. सॅन फ्रान्सिस्कोतच दुसरा मॅक्लेरन पार्कमध्ये आहे, त्याच मॅक्लेरन माळीबुवांच्या नावाचा. सांताक्रूझचा डी लाव्हियागा प्रसिद्ध आहे, पण तिथले चढ-उतार तरुण पायांसाठी.

हवामानाबद्दल शेवटचं. जून ते ऑगस्ट इथे धुकं उतरतं, बास्केट दिसेनाशी होते, बोटं गारठतात. जुलैत मी कानटोपी घालून खेळले आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा खरा उन्हाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतो. तेव्हा आकाश मोकळं असतं, वारा पडतो, आणि सकाळी नऊ ते बारा हा या कोर्सचा सगळ्यात उत्तम वेळ असतो. मुलं तिकीट काढायला बसली की त्यांना सांगा, जमल्यास एप्रिलच्या मध्यावर यायचं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतायचं. सप्टेंबर पूर्ण खेळायला मिळतो आणि दिवाळीच्या फराळाला घरीही पोचता येतं.